शल्यविद्या आणि शब्दविद्या : कै. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर

आपल्या ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची नामावली सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे कै. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र ते घेताना आपण बहुधा हुद्द्यापाशीच थांबतो. लेफ्टनंट कर्नल, आय. एम. एस., एफ. एल. एस. ही बिरुदे एका श्वासात म्हणून झाली की आपला अभिमान तृप्त होतो आणि पुढचे नाव पुकारले जाते. त्या बिरुदांमागे जो मनुष्य होता त्याने आयुष्यभर केले काय, असे एखाद्या तरुण सभासदाने विचारले तर ‘मोठे सर्जन होते’ यापलीकडे उत्तर देणारे घर आज विरळाच सापडेल. त्यांनी मराठीत काव्य रचले होते हे ऐकून ठाऊक असलेली मंडळी तर बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहावयास बसताना आम्ही असे ठरविले की या खेपेस हुद्दा थोडा बाजूस ठेवावा आणि कामाकडे पाहावे.

आरंभीच अडचण येते ती नावाची. साहित्य संमेलनाध्यक्षांच्या ज्या याद्या ठिकठिकाणी छापल्या जातात, त्यांपैकी पुष्कळ याद्यांत १९०९ सालच्या बडोदे संमेलनापुढे ‘कान्होबा रामचंद्र कीर्तिकर’ असे नाव आढळते. हे रामचंद्र कोण? वैद्यकीय व वनस्पतिशास्त्रीय लेखनाखाली कीर्तिकरांची सही ‘के. आर. कीर्तिकर’ अशी असे. त्यातील ‘आर’ या आद्याक्षराचा कोणीतरी आपल्या अंदाजाने विस्तार केला असावा आणि मग एका यादीवरून दुसरी यादी उतरली असावी. रणछोडदास हे नाव देशावरच्या मराठी कानाला अपरिचित वाटले तर त्यात नवल नाही. मुंबईच्या जुन्या वस्तीत मात्र ते मुळीच परके नव्हते. ज्याने आपल्या आयुष्याचा मोठा भाग ‘या वस्तूचे खरे नाव कोणते’ हे ठरविण्यात घालविला, त्याच्याच नावाची ही दशा व्हावी हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

१९०९ च्या त्या निवडीचे महत्त्व समजण्यासाठी त्यापूर्वीच्या अध्यक्षांकडे नजर टाकावी लागते. १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांची जी पहिली सभा भरली तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८८५ मध्ये कृष्णशास्त्री राजवाडे. मग वीस वर्षे सगळे शांत. १९०५ मध्ये साताऱ्यास संमेलन पुन्हा भरले तेव्हा रघुनाथ पांडुरंग करंदीकर, १९०६ मध्ये पुण्यास गोविंद वासुदेव कानिटकर, १९०७ मध्ये विष्णु मोरेश्वर महाजनी, १९०८ मध्ये चिंतामण विनायक वैद्य. न्यायाधीश, शास्त्री, वकील, मुन्सफ, शिक्षणाधिकारी, पुन्हा न्यायाधीश. मराठी वाङ्मयाची सूत्रे कोणत्या वर्गाच्या हाती होती हे या मालिकेवरून आपोआप दिसते. या मंडळींच्या पाठोपाठ श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजधानीत, म्हणजे मुंबई-पुण्याच्या नित्याच्या आखाड्याबाहेर, अध्यक्षपदी बसले ते एक शस्त्रवैद्य. पुढे या पदावर नावामागे ‘डॉक्टर’ लावणारे कितीतरी येऊन गेले. पण त्यांतील बहुतेकांची ती पदवी वाङ्मयाची वा तत्त्वज्ञानाची, रोग्याच्या नाडीशी तिचा संबंध नाही.

कीर्तिकरांचा जन्म १८४९ चा, मुंबईचा. त्या वेळी ग्रँट मेडिकल कॉलेज स्थापन होऊन अवघी चार वर्षे झाली होती आणि तेथील पहिले पदवीधर बाहेर पडावयास आणखी दोन वर्षे होती. त्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते ही गोष्ट आम्हांस फार सूचक वाटते. दिवसा रोगी तपासावे, रात्री गिरनारचे शिलालेख वाचावे, कालिदासाचा काळ ठरवावा, असा भाऊ दाजींचा क्रम. म्हणजे वैद्याने संस्कृत ग्रंथांत व मराठी पोथ्यांत रमावे याचा पायंडा मुंबईत आधीच पडलेला होता. कीर्तिकर त्या वाटेने पुढे गेले. मात्र भाऊ दाजींनी खाजगी व्यवसाय केला. कीर्तिकरांनी निवडला तो सरकारी आणि तोही लष्करी मार्ग.

तो मार्ग सोपा नव्हता. इंडियन मेडिकल सर्व्हिसची चढाओढीची परीक्षा हिंदी लोकांना १८५५ पासून खुली झाली होती हे खरे. परंतु ती होत असे लंडनास. बंगालचे डॉ. सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती हे पहिले यशस्वी हिंदी उमेदवार. त्यांच्यानंतर कित्येक वर्षे असे उमेदवार मूठभरच राहिले, कारण परीक्षा खुली असली तरी समुद्र ओलांडण्याचा खर्च आणि समुद्र ओलांडल्याचा दोष हे दोन्ही उमेदवाराच्याच पदरी पडत. परतल्यावर पंक्तीस घ्यावयाचे की नाही, प्रायश्चित्त द्यावयाचे ते कोणते, यावर त्या काळच्या मुंबईत ज्ञातिज्ञातींच्या सभा भरत आणि मोडत. आज आपण ज्यांची नावे स्मरणिकेत छापतो त्यांतील कित्येकांस विलायतेहून परतल्यावर घराच्या उंबऱ्यावर थांबावे लागले, हे विसरून चालणार नाही.

१८७० नंतरच्या दशकात कीर्तिकर या नोकरीत शिरले. ‘सर्जन’ हा शब्द त्या नोकरीत नुसता धंद्याचा वाचक नव्हता, तो हुद्दाच होता. प्रथम सर्जन, पुढे सर्जन-मेजर, १८९१ नंतर सर्जन-लेफ्टनंट-कर्नल असे लांबलचक जोडशब्द आणि १८९८ पासून सरळ लष्करी पदव्या. त्यांच्या लेखांचे मथळे सालवार लावले तर प्रत्येक लेखाबरोबर त्यांचा हुद्दा कसा बदलत गेला हे नोकरीची वही न उघडताही कळते.

ठाण्यास ते सिव्हिल सर्जन होते. आजच्या वाचकाला सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख एवढेच वाटेल. त्या काळी या अधिकाऱ्याच्या गळ्यात रुग्णालय, शवचिकित्सा आणि पुष्कळ ठिकाणी तुरुंगही असे. जिल्ह्यात कोठे संशयास्पद मृत्यू झाला की पंचनामा होऊन प्रेत त्याच्यापुढे येई. पोटातील अवयव बरणीत घालून, मोहोर करून, मुंबईस सरकारी रासायनिक पृथक्कारकाकडे धाडावे लागत. आणि खटला उभा राहिला म्हणजे कोर्टात शपथेवर सांगावे लागे की मृत्यू विषाने झाला की रोगाने, आणि विषाने तर कोणत्या. येथे शस्त्रकौशल्याचा काही उपयोग नसे. बांधावरचा धोतरा, देवळामागची कण्हेर, पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी, परड्यातली चित्रकाची मुळी, हे सारे रूपाने, फळाने, बीने ओळखता आले पाहिजे. वाटसरूला मिठाईतून धोतऱ्याचे बी चारून लुटण्याचे गुन्हे त्या काळी सर्वत्र होत. चित्रकाच्या मुळीचा उपयोग कशासाठी होई हे लिहावयास लेखणी अडखळते. पण लिहिले पाहिजे. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी ती वापरली जाई, आणि ती वापरण्याची पाळी जिच्यावर येई ती बहुधा एखादी केशवपन केलेली बालविधवा असे. सासरच्या परसात जे घडे त्याचा शेवट जिल्ह्याच्या शवागारात होई.

‘मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पती’ या विषयावर कीर्तिकरांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ पासून जी दीर्घ लेखमाला लिहिली, तिच्यामागे ही पार्श्वभूमी ध्यानात धरावी. वरवर पाहता ती वनस्पतिशास्त्राची लेखमाला, रंगीत चित्रांनी सजलेली. तिच्यात वनस्पतीचे पान, फूल, फळ, बी यांचे वर्णन ज्या बारकाईने येते ती बारकाई नुसत्या हौसेची नव्हे. चुकीच्या ओळखीने एखादा निरपराध फासावर जाऊ शकतो, हे ठाऊक असलेल्या माणसाची ती आहे.

ही संस्था १८८३ साली आठ गृहस्थांनी मुंबईत काढली आणि त्यांत दोघे हिंदी होते : डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि १८७९ मध्ये त्यांनी मुंबईच्या बाजारातील औषधींची सूची प्रसिद्ध केली होती. ते १८८५ मध्ये अकाली निवर्तले. पुढच्याच वर्षी संस्थेचे नियतकालिक सुरू झाले आणि त्याच्या पहिल्या खंडात कीर्तिकरांचा लेख आहे. विषय : ऊन पाण्याच्या झऱ्यांत वाढणारे एक शेवाळ. या शेवाळाच्या नावात त्यांनी बर्डवुडसाहेबांचे नाव गुंफले. शेवाळासारख्या क्षुल्लक वस्तूला नाव देतानाही आपल्या शहराच्या विद्येची वंशावळ विसरावयाची नाही, हा बाणा आम्हांस त्यात दिसतो.

आता ‘इंदिरा’कडे वळू. हे काव्य १८८४ सालचे. इंग्रज राजकवी टेनिसन याच्या ‘प्रिन्सेस’ या १८४७ मधील काव्याच्या आधारे ते रचलेले आहे. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार त्याचा उल्लेख एका ओळीत करतात, महाजनींची ‘कुसुमांजलि’ आणि तत्सम भाषांतरे यांच्या रांगेत त्याला बसवितात आणि केशवसुतांकडे जाण्याची घाई करतात. भाषांतरयुग म्हणून त्या काळाची थोडी टवाळीही होते. आमचे मत वेगळे आहे. टेनिसनने एवढे लिहिलेले असताना त्यातून नेमके हेच काव्य उचलावे आणि तेही १८८४ साली, याला अर्थ आहे.

मूळ काव्याची कथा थोडक्यात अशी. एका राजपुत्राचे लग्न बालपणीच, वधूवरांस काही कळण्यापूर्वी, शेजारच्या राज्यातील राजकन्येशी ठरून गेलेले असते. राजकन्या इडा मोठी होते आणि हे बंधन मानण्यास नकार देते. ती नुसते घर सोडून थांबत नाही. ती स्त्रियांचे विद्यापीठ काढते, जेथे पुरुषाने पाऊल टाकल्यास देहान्त शासन. राजपुत्र दोन मित्रांसह स्त्रीवेषाने आत शिरतो, पकडला जातो, युद्ध होते, तो घायाळ पडतो. मग विद्यापीठाचे दरवाजे जखमी सैनिकांसाठी उघडले जातात आणि विद्यार्थिनी शुश्रूषेला लागतात. ज्ञानमंदिराचे रुग्णालय होते. अखेर इडा राजपुत्राचा स्वीकार करते. हा शेवट अनेकांस पटत नाही, आणि आम्हांसही तो इडेवर थोडा लादल्यासारखा वाटतो. ज्या वर्षी मराठीत ‘इंदिरा’ अवतरली त्याच वर्षाच्या जानेवारीत लंडनच्या रंगभूमीवर याच काव्याची टर उडविणारी ‘प्रिन्सेस इडा’ ही संगीत प्रहसिका गाजत होती. लंडनला त्या कल्पनेचे हसू येत होते. आपल्याकडे ती हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती.

कारण त्या दोन-तीन वर्षांत मुंबई इलाख्यात काय चालले होते ते पाहा. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले आणि त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या. त्याच साली ग्रँट मेडिकल कॉलेजचे, म्हणजे कीर्तिकरांच्याच विद्यालयाचे, दार मुलींसाठी उघडले आणि कामा रुग्णालयाची कोनशिला बसली. १८८४ मध्ये पुण्यास मुलींचे हायस्कूल, आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो ते, सुरू झाले. आणि त्याच १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या हायकोर्टात आपली पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून फिर्याद गुदरली. रखमाबाई या डॉ. सखाराम अर्जुन यांच्या सावत्र कन्या. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झालेले. ‘जे लग्न माझ्या समजुतीशिवाय झाले ते मला बांधीत नाही’ हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. टेनिसनच्या इडेचे म्हणणे तरी दुसरे काय होते?

रखमाबाईंचा खटला आणि ‘इंदिरा’ यांचे साल एक असले तरी एकावरून दुसरे झाले असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता आणि तो मुंबईच्या वैद्यकीय वर्तुळात घरोघर चर्चिला जात होता एवढे निश्चित. पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पुढे तो फिरला, १८८७ मध्ये नांदावयास जा अथवा तुरुंगात जा असे फर्मान निघाले, १८८८ मध्ये तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. म्हणजे इडेचे विद्यापीठ जेथे रुग्णालयात विसर्जित होते, तेथून रखमाबाईंची खरी कथा सुरू होते. कवीला जे सुचले नाही ते मुंबईत घडले.

या विषयाकडे कीर्तिकरांनी केवळ कवी म्हणून पाहिले नाही. १८८६ मध्ये मुंबईस मानववंशशास्त्राभ्यासी मंडळ स्थापन झाले. त्याच्या नियतकालिकात हिंदूंमधील गर्भारपणाच्या व प्रसूतीच्या वेळच्या विधींवर त्यांचा निबंध आहे. ज्या काळी शिकलेले पुरुष बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलणे कमीपणाचे मानीत, त्या काळी एका लष्करी शस्त्रवैद्याने हे विधी शास्त्रीय अभ्यासाचा विषय केले. आपल्या माजघरात आजीबाईंनी तोंडपाठ जपलेले ज्ञान प्रथमच विद्वानांच्या टेबलावर आले. आमच्या वाचक भगिनींना यात विशेष गोडी वाटेल.

येथवर वाचून कोणी म्हणेल की एका हाताने शस्त्र आणि दुसऱ्या हाताने लेखणी असे हे दोन निराळे उद्योग, त्यांत नाते ते काय? नाते आहे, आणि ते त्यांच्या शेवटच्या व सर्वांत मोठ्या कामात दिसते.

औषधी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यापुढे पहिली अडचण झाडाची नसते, शब्दाची असते. एक उदाहरण घेऊ. ‘ब्राह्मी’ हे नाव प्रत्येक घरात ठाऊक आहे. चरक-सुश्रुतांपासून तिची महती गायिली आहे. पण ब्राह्मी म्हणजे कोणती वनस्पती? बंगालच्या कविराजाला विचारले तर तो पाणथळ जागी पसरणारी, मांसल पानांची, निळसर-पांढऱ्या फुलांची बॅकोपा मोनिएरी दाखवील, जिला आपण नीरब्राह्मी वा जलब्राह्मी म्हणतो. आपल्याकडच्या वैद्याला विचारले तर तो वाटोळ्या, बेडकाच्या पंजासारख्या पानांची सेंटेला एशियाटिका पुढे करील, जिला कोकणात कारिवणा म्हणतात आणि संस्कृतात मंडूकपर्णी. दोन्ही वनस्पती वेगळ्या कुलांतल्या. ‘रास्ना’ या नावाने तर आणखी गोंधळ आहे. उत्तरेकडे एक, दक्षिणेकडे कोष्टकुलिंजनाच्या जातीची दुसरी आणि बंगालात झाडावर वाढणारे तिसरेच आमर. ‘शंखपुष्पी’ची कथाही तीच. ग्रंथात एक शब्द, बाजारात तीन मुळ्या. आणि रोग्याच्या पोटात कोणती जाणार हे गांधी दुकानदाराच्या मर्जीवर.

हा गुंता सोडविण्यास नुसता वनस्पतिशास्त्रज्ञ पुरत नाही आणि नुसता पंडितही पुरत नाही. निघंटूतील पर्याय तपासावे लागतात. कोणता शब्द गुणावरून पडला, कोणता रूपावरून, कोणता प्रांतावरून हे पाहावे लागते. टीकाकारांनी कोठे तर्क केला आणि कोठे डोळ्यांनी पाहून लिहिले याचा विवेक करावा लागतो. मग ते सर्व हातातल्या पानाफुलाशी ताडून पाहावे लागते. जुन्या काव्याची शुद्ध प्रत सिद्ध करणारा संपादक पाठभेदांशी जे करतो तेच हे. शल्यशास्त्राने दिलेली नजर आणि वाङ्मयाने दिलेला शब्दविवेक या दोहोंची एकाच वेळी गरज लागावी असे क्षेत्र हेच, आणि कीर्तिकरांनी ते निवडले यात आम्हांस त्यांच्या आयुष्याची एकसूत्रता दिसते. ते हौशी कवी असलेले सर्जन नव्हते. वस्तू आणि शब्द यांची गाठ नीट बसली पाहिजे हा त्यांचा एकच ध्यास, आणि तो शवागारापासून काव्यापर्यंत सगळीकडे सारखा आहे.

त्यांच्यापुढे पूर्वसूरींचे काम होते. १८६१ चा डालझेल व गिब्सन यांचा मुंबईच्या वनस्पतींवरील ग्रंथ, हूकरचे सात खंड, डायमॉक यांनी दोघा सहकाऱ्यांसह लिहिलेली १८९० ते १८९३ मधील ‘फार्माकोग्राफिया इंडिका’, आणि कुकसाहेबांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश, जो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. पण संपूर्ण हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचा चित्रांसह एकत्र संग्रह कोणी केला नव्हता. हे काम कीर्तिकरांनी अंगावर घेतले. जोडीस मिळाले मेजर बामनदास बसू. हेही आय. एम. एस., पण वयाने कीर्तिकरांहून सुमारे अठरा वर्षांनी धाकटे.

ग्रंथ निघाला तो अलाहाबादच्या बहादुरगंजमधील ‘पाणिनि ऑफिस’ या संस्थेकडून. या नावापाशी क्षणभर थांबावे. बामनदासांचे वडील बंधू श्रीशचंद्र बसू यांनी पाणिनीच्या अष्टाध्यायीचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्या महावैयाकरणाच्या नावाने हे प्रकाशनगृह उभारले. मुळ्या, साली, बिया आणि काढे यांचा ग्रंथ व्याकरणकाराच्या छत्राखाली प्रसिद्ध व्हावा हा योगायोग. पण कीर्तिकरांच्या बाबतीत तो शोभून दिसतो. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून तीन जण आहेत : कीर्तिकर, बसू, आणि तिसरे कोण? तर नुसते ‘एक निवृत्त आय. सी. एस.’ नाव नाही. ज्या ग्रंथाचे सारे प्रयोजन नावे लावणे, त्याच्याच एका कर्त्याने आपले नाव न लावावे, याची गंमत वाटते.

प्रत्येक वनस्पतीची नोंद अशी : शास्त्रीय नाव, त्याची जुनी पर्यायनावे, मग संस्कृत नाव, मग मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली, तामिळ, तेलुगू, कानडी अशी देशी नावांची रांग, मग वसतिस्थान, अवयवांचे वर्णन आणि शेवटी औषधी उपयोग. चित्रे हजारांहून अधिक. आम्ही या ग्रंथाची पाने प्रथम उलटली तेव्हा उपयोगांहून देशी नावांच्या रांगांनीच मन अधिक गुंतले. गुळवेल, अडुळसा, कुडा, निर्गुडी, घेटुळी ही आपल्या आज्यांच्या तोंडची नावे लॅटिन आणि संस्कृत यांच्या पंक्तीस, त्याच आकाराच्या मानाने बसलेली. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी वनौषधींवर मराठीत मोलाचे लिहिले. पण कीर्तिकरांनी मराठी नावांना अखिल हिंदुस्थानच्या नकाशावर जागा दिली.

ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१८ साली. कीर्तिकर १९१७ मध्येच निवर्तले होते. इतक्या वर्षांचे काम छापून हाती आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. श्रीशचंद्र बसूही १९१८ मध्येच वारले. बामनदास १९३० पर्यंत होते, तेही गेले. त्यानंतर ग्रंथाची दुसरी आवृत्ती ललितमोहन बसू यांनी १९३३ पासून काढली आणि तिचे संशोधन व विस्तार करण्याचे काम मुंबईकडेच परत आले : सेंट झेवियर कॉलेजचे फादर ब्लॅटर, फादर केयस आणि डॉ. म्हसकर. चार खंड मजकुराचे, चार चित्रांचे. आज आयुर्वेद महाविद्यालयांत ‘कीर्तिकर-बसू’ म्हणून विद्यार्थी ज्याचा हवाला देतात तो ग्रंथ बहुधा या आवृत्तीचा वा तिच्या पुनर्मुद्रणाचा.

या आवृत्तीतील एक गोष्ट आमच्या वाचकांनी मुद्दाम पाहावी. आपल्या देशात सर्पदंशावर म्हणून ज्या वनस्पती सांगितल्या जातात त्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागेल. प्रत्येक गावात एक मांत्रिक आणि प्रत्येक मांत्रिकाची एक मुळी. कीर्तिकरांनी लोकांत चालणारे उपयोग टिपले त्यांत हेही आले. म्हसकर आणि केयस यांनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये या मुळ्यांची एकेक करून कसोटी घेतली. १९३१ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सर्पविषावर यांतील एकही चालत नाही. मग ज्या ग्रंथात हे उपयोग नोंदले होते त्याच ग्रंथाचे संपादन त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी काय केले? जुनी नोंद खोडली नाही. लोक अमुक मुळी सर्पदंशावर देतात ही ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली आपल्या दोघांच्या नावांनिशी लिहिले की ही वनस्पती सर्पविषावर उतारा नव्हे, विंचवाच्याही नव्हे. एका नोंदीत नव्हे, पानांमागून पाने, वनस्पतीमागून वनस्पती हेच वाक्य येत राहते. लोकांनी काय मानले तेही ग्रंथात आहे आणि तपासल्यावर काय निघाले तेही, एकाखाली एक. आणि मुखपृष्ठावर पहिले नाव कीर्तिकरांचेच आहे.